आबांनी काढलेला माग

"मारा," आबा माझ्या कानाशी कुजबुजले. "आता नाही तर कधीच नाही."

मी गुडघ्यांवर होतो. गेला दीड तास मी गुडघ्यांवरच होतो. समोरच्या झुडपांच्या फटीतून तांबूस तपकिरी रंगाची एक भली मोठी कूस दिसत होती. ती मधूनमधून हलत होती, म्हणजे जनावर चरत होतं. पुस्तकात लिहिलं होतं की डोकं दिसल्याशिवाय बाण सोडू नये. म्हणून मी थांबलो होतो. बाण लावलेला होता.

"अहो जावई, मुहूर्त बघताय का?"

"डोकं दिसत नाही, आबा."

"डोक्याशी काय काम आहे? बोलायचंय का त्याच्याशी?"

माझे सासरे असं काही बोलले की माझं स्वतःचं मत जागच्या जागी विरघळत असे. मी दोरी ओढली. तेवढ्यात जनावरानं मान वर केली आणि आमच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या कानात पिवळा बिल्ला होता. बिल्ल्यावर चारशे बारा हा आकडा होता. आमच्याकडे पाहत ते शांतपणे रवंथ करू लागलं.

मी दोरी हळूहळू सैल सोडली.

"गाय आहे," मी म्हणालो.

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "गाय कशी असेल? गुराखी कुठंय?"

"इथं उन्हाळ्यात गुरं डोंगरात मोकळी सोडतात. मालक थंडीच्या आधी येऊन घेऊन जातो."

"मग हे आधी सांगायचं ना." आबा एका ओंडक्यावर बसले. "खासनिसांच्या घरातला मुलगा, आणि माझ्या नादानं गाईला बाण मारत होता. वर गेल्यावर तुमच्या वडलांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

खरं म्हणजे मला सकाळीच कळलं होतं. वाटेत पडलेलं शेण पाहून आबांनी "ताजा माग" असं जाहीर केलं, तेव्हाच मी म्हणालो होतो की एल्कच्या लेंड्या असतात, बोराएवढ्या, आणि हे तर शेण दिसतंय. आबा म्हणाले, "सत्तावीस सांबरांचा माग काढलेल्या माणसाला तुम्ही शेण शिकवणार?" मग मला वाटलं, तीन पुस्तकांत लिहिलंय हे खरं, पण तिन्ही मी नीट वाचली असतील कशावरून?

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो आणि कोलोरॅडोतल्या एका लहान गावात, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होतो. नव्या पुस्तकांवर क्रमांक घालणं हे माझं काम. बायको, कुमुद, तिथल्याच शाळेत गणित शिकवायची. मी शाकाहारी आहे, हेही इथंच सांगून टाकतो. अंडंसुद्धा नाही. एल्क म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांसाठी सांगायचं तर सांबरासारखंच जनावर, पण अंगानं घोड्याएवढं. असल्या जनावराच्या मागे माझ्यासारखा माणूस धनुष्य घेऊन का लागला, हे मला कुणी विचारलं नाही. कुमुदला ठाऊक होतं, आणि बाकीच्यांना ते विचारण्याइतकं खरं वाटत नव्हतं.

पोहण्यावर मी नऊ पुस्तकं वाचली आहेत. मला पोहता येत नाही. बासरीवर चार वाचली, फुंकर मारता येत नाही. मोटार दुरुस्तीवर तर माझ्याकडे अर्धं कपाट होतं, आणि गाडी बंद पडली की कुमुद बॉनेट उघडायची. पाहुण्यांसमोर ती म्हणायची, "यांना सगळं येतं, पान क्रमांकासकट." सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण वाक्य चांगलं होतं.

तिच्याकडे माप होतं ते आबांचं. दत्ताजी चौबळ, रोह्याच्या वनखात्यातले. त्यांच्या बैठकीत सांबराचं एक शिंगांसकट डोकं लावलेलं होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नेमकं त्या डोक्याखाली बसवलं आणि विचारलं, "कधी काही मारलंय का?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "झुरळ."

हे उत्तर त्या घरात पुढची कित्येक वर्षं पुरलं. लग्नाला, बारशाला, गणपतीला कुणीतरी ते काढायचंच. चौबळ मंडळी मटणाच्या रश्श्यात पाव बुडवत ऐकायची आणि मी वरण-भात जेवायचो. मग आबांची शिकार सुरू व्हायची. वारा कुठून होता, किती पावलांवरून गोळी झाडली, शिंग किती इंच भरलं. आबांना सगळे आकडे तोंडपाठ असत. कुमुद ते शंभराव्यांदा ऐकतानाही पाच वर्षांच्या मुलीसारखी ऐकायची.

आणि मग एक दिवस धनुष्यानं एल्क मारण्यावरचं एक पुस्तक क्रमांक घालायला माझ्या टेबलावर आलं. क्रमांक घालून ते मांडणीत पाठवायचं होतं. मी ते घरी आणलं. मग आणखी दोन मागवली. जुनं धनुष्य घेतलं, टोकांना दोरी फिरवणाऱ्या कप्प्या असलेलं. गॅरेजमध्ये पेंढ्याचा गठ्ठा ठेवला आणि वर्षभर रोज संध्याकाळी चाळीस बाण. शिकवायला कुणी नव्हतं. कुणाला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे सांगावं लागतं, आणि ते मला कधीच जमलेलं नाही. पहिले दोन महिने मी गठ्ठ्यापेक्षा कपडे धुण्याच्या मशिनला जास्त मारलं. परवान्याआधी परीक्षा असते. त्यात मला शंभरपैकी शंभर मिळाले.

"परीक्षेत तुम्ही पास होणारच," कुमुद कागद बघून म्हणाली. "प्रश्न परीक्षेचा नाहीच."

"मग कशाचा आहे?"

"एकदा काहीतरी करून दाखवा हो." ती चेष्टेनं बोलत नव्हती. म्हणून ते जास्त लागलं. "खरंच आणलंत ना, तर चार घरं जेवायला बोलावून मी स्वतः उभी राहून सांगीन, की हे यांनी केलं."

त्या सप्टेंबरात आबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडेच होते, आणि त्यांचा मुक्काम संपत आला होता. वय शहात्तर, तब्येत ठणठणीत. परवाना नसल्यानं त्यांना शिकार करता येत नव्हती, पण सोबत येता येत होतं. कुमुदनं परस्पर ठरवून टाकलं. "आबा बरोबर असतील तर मला काळजी नाही. बुधवारी त्यांचं विमान आहे, रविवारी मी सगळ्यांना जेवायला बोलावते. तुम्ही आणलंत तर ते, नाहीतर छोले भिजत घालते."

गुरुवारचा पहिला दिवस कपड्यांत गेला. शिकारीचे कपडे वासाचे नसावेत म्हणून मी ते धुऊन, देवदाराच्या पानांत गुंडाळून खोक्यात ठेवले होते. कुमुदनं ते खोकं माळ्यावर टाकताना प्रेमानं आत मूठभर डांबराच्या गोळ्या घातल्या. आम्ही ज्या दरीत शिरलो त्या दरीत त्या दिवशी खारसुद्धा फिरकली नाही. शुक्रवारी गाय झाली. उरला शनिवार.

शनिवारी पहाटे गाडीत मी आबांना म्हणालो, "आज मी सांगतो तिकडे जाऊ या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही जरा दचकलो होतो.

"कुठं?"

मी नकाशा काढला. महिनाभर मी रोज रात्री त्याच्यावर डोळे लावले होते. "हा डोंगराचा उत्तर उतार. इथं या रेषा एकदम विरळ होतात बघा, म्हणजे मध्येच सपाट जागा आहे. आणि हा निळा ठिपका, हा झरा. सावली, पाणी, सपाटी. नर एल्कच्या अंगाची या दिवसांत आग होते. ते चिखलात लोळायला येतात. इथं डबकं असणार."

"असणार." आबांनी तपकिरीची चिमूट घेतली. "जावईबुवा, नकाशा वाचून जनावरं सापडली असती तर आमच्या रोह्याच्या पोस्टमननं वाघ मारले असते."

"एकदा बघू या."

"बघा. आज तरी गाय नको म्हणजे झालं."

सव्वा तास चढण होती. शेवटच्या वळणावर मी थांबलो, कारण मला वास आला. ओल्या घोड्यासारखा, त्यात काहीतरी उग्र आंबट. पुस्तकात या वासावर दोन परिच्छेद होते आणि दोन्ही अगदी बरोबर होते. झाडांच्या साली खांद्याइतक्या उंचीवर घासून सोललेल्या होत्या. आणि पुढे, नकाशावर ठिपका होता तिथंच, काळ्या चिखलाचं डबकं होतं. त्याच्या काठावर माझ्या तळव्याएवढे खूर उमटलेले होते, आणि त्यांत अजून पाणी झिरपत होतं.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी खूर पाहिले, झाडं पाहिली आणि घसा खाकरला.

"हे असंच असतं," ते म्हणाले.

मी राखेची चिमूट हवेत सोडली. वारा डबक्याकडून आमच्याकडे येत होता. एका पडलेल्या झाडाच्या मुळाशी आम्ही बसलो. अर्ध्या तासात आबांची मान छातीवर आली आणि ते घोरू लागले. फार मोठ्यानं नाही, सायकलच्या पंपासारखं. त्यांना उठवावं की नाही यावर मी बराच वेळ विचार केला. उठवलं असतं तर ते बोलले असते. मी उठवलं नाही.

आठ वाजायला आले असतील. वरच्या झाडीतून आधी एक बारीक शीळ आली, मग ती गंजलेल्या बिजागरीसारखी करकरली आणि शेवटी रेडा फुरफुरावा तसा आवाज झाला. हा आवाज मी कॅसेटवर शेकडो वेळा ऐकला होता. पण कॅसेटवर तो इतक्या जवळून येत नाही. मग फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि नंतर, कसलाही आवाज न होता, तो डबक्याच्या काठावर उभा होता.

त्याच्या शिंगांचं मी वर्णन करणार नाही, मला ते जमायचं नाही. तो चिखलात उतरला, बसला आणि आपल्याकडची म्हैस लोळते तसा मजेत लोळला. उठला, अंग झाडलं. चिखलाचे थेंब काठावरच्या पानांवर पडले. तो आडवा उभा राहिला आणि त्यानं तोंड पलीकडे केलं.

या क्षणासाठी पुस्तकात बारा सूचना दिलेल्या आहेत. मला एकही आठवली नाही. हातांनी मला न विचारता दोरी ओढली, आणि बाण सुटला तेव्हा मला तो कुणी दुसऱ्यानंच सोडल्यासारखा वाटला. मऊ जमिनीवर नारळ पडावा तसा आवाज झाला. तो उधळला, झाडी मोडत गेला आणि मग सगळं शांत झालं.

आबा दचकून उठले. "काय झालं?"

"मारला."

"काय?"

"एल्क."

"कधी?"

"तुम्ही झोपला होतात तेव्हा."

"झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते." ते डबक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "किती पावलांवरून?"

"बावीस."

त्यांनी मान डोलावली, पण पुढे काही बोलले नाहीत. हे मला चमत्कारिक वाटलं.

तासभर थांबायचं असतं, नाहीतर जखमी जनावर पळत राहतं. मी घड्याळ लावून तास काढला. मग पानांवरचे थेंब बघत, ओणवा चालत, नव्वद पावलांवर मला तो सापडला. एका कोसळलेल्या खोडाला टेकून तो झोपल्यासारखा पडला होता. मला वाटलं होतं आनंद होईल. मला फक्त खूप तहान लागली होती. मी हात लावला. अंग अजून गरम होतं, आणि केस वाटले होते त्यापेक्षा राठ.

कायद्याप्रमाणे परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली. मग पिशवीतून सुरी काढून मी आबांपुढे धरली.

"आबा, आता तुमचं काम. यापुढचं मी वाचलेलं नाही."

हे खरं होतं. पुस्तकांतली शेवटची प्रकरणं, कातडं काढण्याची, मांस कापण्याची, मी सोडून दिली होती. आपल्या हातून तिथवर काही येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आबांनी सुरी घेतली. ती त्यांनी टाकासारखी धरली होती. ते जनावराभोवती एक फेरी फिरले. मग दुसरी फिरले. ऊन झाडांतून खाली उतरू लागलं होतं आणि माशा यायला लागल्या होत्या.

"कुठून सुरू करायचं?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारताय? सत्तावीस सांबरं तुम्ही..."

"लिहिली."

"काय?"

"सत्तावीस सांबरं मी लिहिली, अच्युतराव." इतक्या वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं हे पहिलंच. "रेंज ऑफिसात शिकारीचं रजिस्टर माझ्याकडे होतं. साहेब लोक रानात जायचे, मी तंबूत टेबलाशी. संध्याकाळी ते यायचे आणि सांगायचे. जनावर कोणतं, वारा कुठून, किती पावलं, शिंग किती इंच. मी लिहायचो. एकतीस वर्षं लिहिलं."

मी जनावरावरच्या माशा हाकलल्या.

"सोलताना तरी पाहिलं असेल," मी म्हणालो.

"लांबून. मला रक्त बघवत नाही." त्यांनी सुरी माझ्या हातात परत दिली.

"आणि ते बैठकीतलं डोकं?"

"एका साहेबाची बदली झाली. त्यांच्या बाईंना ते सामानात नको होतं. मी उचलून आणलं." ते ओंडक्यावर बसले. अचानक मला ते शहात्तर वर्षांचे दिसले. "कुमुद पाच वर्षांची होती. तिनं विचारलं, आबा, हे तुम्ही मारलं? ती अशी बघत होती की... मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की पुढचं मग येत जातं. रजिस्टर तर सगळं पाठ होतं."

"आणि मला झुरळावरून..."

"ते मात्र तुम्हीच म्हणाला होतात."

ते खरं होतं.

"तिला सांगाल?" त्यांनी विचारलं. जमिनीकडे बघत विचारलं.

त्यावर विचार करायला वेळ नव्हता. मांस उन्हात खराब होऊ देणं तिथं गुन्हा आहे, आणि मला तर ते पापच वाटलं असतं. परवान्याबरोबर सरकारी पुस्तिका मिळते ती माझ्या खिशात होती. तिच्या शेवटच्या चार पानांवर जनावर कसं कापावं याच्या आकृत्या होत्या. मी ती आबांना दिली.

"वाचा," मी म्हणालो. "मी करतो."

आबांनी चष्मा सारखा केला. मग ते उठले, जनावराकडे पाठ करून उभे राहिले, आणि वाचायला लागले. त्यांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, खणखणीत. एकतीस वर्षांची सवय, प्रत्येक वाक्यानंतर ते "फुलस्टॉप" म्हणायचे.

"झालं?"

"थांबा. हे कातडं सुटत नाहीये."

"'अंगठ्यानं दाबून धरा आणि सुरी सपाट ठेवा.' फुलस्टॉप."

"सुटलं."

"पुढे जाऊ?"

"जा."

जन्मभर कांदा-लसूणसुद्धा जपून खाल्लेला मी, कोपरापर्यंत रक्तात होतो. मध्ये एकदा मी झाडामागे जाऊन ओकलो आणि परत आलो. आबा त्याच जागी, पाठमोरे, बोट ओळीवर ठेवून उभे होते. आकृती क्रमांक सहा उलटी छापली होती, तीत आमचा अर्धा तास गेला. पाच तास लागले. मांसाच्या दुकानात काम केलेली दोन माणसं असती तर तासाभरात झालं असतं, पण चूक एकही झाली नाही.

पाठीवर घालून गाडीपर्यंत न्यायला पाच खेपा झाल्या, तीन शनिवारी आणि दोन रविवारी सकाळी. खेपा मीच केल्या. आबांना मी धनुष्य दिलं होतं. ते दोन्ही हातांत धरून ते पुढे चालायचे आणि दगड आला की सांगायचे, "दगड." रविवारी परतताना घराचं वळण आलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा. बुधवारी मी जाणारच आहे."

संध्याकाळी गावातली चारही मराठी कुटुंबं आमच्या जेवणघरात दाटीवाटीनं बसली होती. कुमुदनं खोबरं-कांदा भाजून, तिच्या माहेरच्या पद्धतीचा रस्सा केला होता. छोले तिनं भिजतही घातले नव्हते, हे मला ओट्यावरच्या कोरड्या डब्यावरून कळलं. शुक्रवारपासून तो तसाच होता. तिनं तो नुसता काढून ठेवला होता.

सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर ती हातात डाव घेऊन उभी राहिली. शब्दाची पक्की बाई. "मी यांना कबूल केलं होतं, की आणलंत तर चार माणसांत सांगीन," ती म्हणाली. "तर आणलंय. आता तुम्हीच सांगा, कसं केलंत."

ती माझ्याकडे बघत होती. आबांकडे नाही, माझ्याकडे. तिचा चेहरा, रोह्यात आबांची शिकार ऐकताना व्हायचा, तसा झालेला होता. असं ती माझ्याकडे कधी बघेल यासाठी मी गॅरेजमध्ये हजारो बाण मारले होते. सगळे थांबले होते. सांगायचं सगळं माझ्याकडे तयार होतं. उत्तर उतार, विरळ रेषा, निळा ठिपका.

मी आबांकडे पाहिलं. ते चमच्यानं भातावर रेघा ओढत होते. सरळ, समांतर, रजिस्टरात आखाव्यात तशा.

"माग आबांनी काढला," मी म्हणालो. "मी फक्त बाण सोडला."

"वाटलंच मला," कुमुद म्हणाली. तिनं सुस्कारा सोडला. मोकळी झाल्यासारखा होता तो, की आणखी कसला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग ती आबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "आबा, तुम्ही सांगा. यांना सांगता येत नाही."

आबांनी चमचा ठेवला. मग त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली.

"वारा डबक्याकडून होता," ते म्हणाले.

आणि मग ते निघाले. खुरांत झिरपतं पाणी होतं, झाडांच्या सोललेल्या साली होत्या, वासही होता, सगळं जसंच्या तसं. जागा त्यांनी हेरलेली होती. मला त्यांनी खांदा दाबून खाली बसवलं होतं. शीळ आली तेव्हा मी उठून पळायला निघालो होतो म्हणे, आणि त्यांनी माझी बाही धरली होती. लोक जेवायचे थांबले. मीही ऐकत राहिलो, कारण ते सांगत होते ते माझ्या आठवणीपेक्षा चांगलं होतं.

"तो आडवा झाला. मी यांच्या कानात म्हटलं, आता. बावीस पावलं." मग ते नव्वद पावलं चालून जनावरापाशी पोचले. "आणि मग मी सुरी घेतली, आणि..."

ते थांबले. त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं होतं. नखांच्या कडा अजून काळ्याच होत्या, चार वेळा साबण लावूनही.

"नाही," आबा म्हणाले. "सुरी यांनी घेतली. मी घेतली नाही. मला ते येत नाही." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "मागसुद्धा मी काढला नाही. यांनी नकाशा बघून जागा शोधली. मारला तेव्हा मी झोपलो होतो. नंतर मी यांना पुस्तक वाचून दाखवत होतो, तेही जनावराकडे पाठ करून. आजवर मी एक ससासुद्धा मारलेला नाही."

मग सगळे हसले. इतके हसले की एकाला ठसका लागला.

"आबासाहेब, हद्द झाली," ठसका आवरत तो म्हणाला. "एवढे मोठे शिकारी, आणि म्हणे पाठ करून उभा होतो."

"मी खरं सांगतोय," आबा म्हणाले.

त्यावर लोक आणखी हसले. कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "जावयाला मोठं करायची रीत आहे ही त्यांची," ती सगळ्यांना म्हणाली. "पहिल्यापासून असेच आहेत." आणि तिनं त्यांच्या पानात आणखी दोन तुकडे वाढले.

आबा माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

कुमुद उठली. माझ्या पानात भात तसाच होता.

"तुम्हाला दही देऊ ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.